सेनिओकाठचे मराठी शिपाई : महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांची साधने आणि त्यांचे वाचन

९ एप्रिल १९४५ रोजी संध्याकाळी उत्तर इटलीतील सेनिओ नदीच्या बांधावर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीने हल्ला चढविला. इटलीतील जर्मन सैन्याच्या शरणागतीवर २९ एप्रिलला कासेर्ता येथे स्वाक्षऱ्या झाल्या व ती २ मे रोजी अमलात आली. म्हणजे त्या संध्याकाळपासून तेथील शांतता अवघी २३ दिवसांवर होती. या दिवसांत, आणि त्यांच्या मागच्यापुढच्या काही महिन्यांत, मराठी बोलणारी माणसे परमुलखात लढत होती, जखमी होत होती, मरत होती आणि घरी पत्रे धाडीत होती. त्यांच्याविषयी मराठीत लिहावयाचे झाल्यास आधार कोणता घ्यावयाचा आणि तो कसा वाचावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा विषय इतिहास विभागाचा, त्याची मराठी साहित्याच्या अभ्यासकाला उठाठेव कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर असे की या शिपायांविषयीची बहुतेक महत्त्वाची साधने म्हणजे मूळ मराठी उक्तींची वा मराठी कृतींची इंग्रजी रूपे होत. मूळ हरवले आहे, भाषांतर उरले आहे. अशा संहितेशी कसे वागावे हा प्रश्न साहित्याभ्यासाचाच आहे.

प्रथम प्रसंग थोडक्यात सांगावयास हवा. १९४४च्या हिवाळ्यात ब्रिटिशांच्या आठव्या सेनेची उत्तरेकडील चढाई सेनिओच्या काठी थबकली. ही नदी अपेनाइन पर्वतातून उतरते आणि सपाट शेतजमिनीतून वाहते. पात्र मोठे नाही. परंतु पुरापासून शेते राखण्यासाठी दोन्ही तीरांना मातीचे उंच बांध घातलेले आहेत. जर्मनांनी हे बांध आतून पोखरून त्यांत मशीनगनची ठाणी वसविली होती आणि भोवती सुरुंग पेरले होते. हिवाळाभर दोन्ही सैन्ये या बांधांच्या आश्रयाने समोरासमोर बसून राहिली. ९ एप्रिलला दुपारी विमानांनी बॉम्बवर्षाव केला. नंतर तोफांचा मारा सुरू झाला. तो मुद्दाम मधूनमधून थांबविला जाई, जेणेकरून शत्रूला हल्ला आता केव्हा येईल याचा अंदाज लागू नये. संध्याकाळी आठवी भारतीय डिव्हिजन आणि तिच्या बाजूने न्यूझीलंडची दुसरी डिव्हिजन पुढे सरसावली. त्या एका दिवसात आठव्या भारतीय डिव्हिजनमधील दोन शिपायांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला : फ्रंटियर फोर्स रायफल्सचे अली हैदर आणि मराठा पलटणीचे नामदेव जाधव.

नामदेव जाधव हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील. वय २३. कंपनीचे ‘रनर’, म्हणजे निरोप्या. कंपनी कमांडरबरोबर राहून आज्ञा इकडून तिकडे पोहोचविणे हे त्यांचे काम. नदी ओलांडताना त्यांच्याबरोबरची छोटी तुकडी गोळीबारात आणि सुरुंगांत जवळजवळ नाहीशी झाली. जाधवांनी दोघा जखमींना एकामागून एक उचलून खोल पाण्यातून, चढणीच्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले. त्यानंतर ते एकटे पुन्हा पुढे गेले. हाताला जखम झाल्यामुळे बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब वापरले, आणि शत्रूची मशीनगनची तीन ठाणी निकामी केली. मग बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धघोषणा दिली व उरलेल्या कंपन्यांना पलीकडे येण्यासाठी हात केला.

हे सर्व आपणांस कळते ते पदकाच्या प्रशस्तिपत्रावरून. प्रशस्तिपत्र हा एक वाङ्मयप्रकार आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याला स्वतःचे संकेत आहेत. त्यात एकच नायक असतो. काळ काही मिनिटांचा असतो. ‘स्वतःच्या जिवाची यत्किंचित पर्वा न करता’ या अर्थाचे पद ठरलेल्या जागी येते. आणि शेवटी त्या कृत्यामुळे पलटणीचा कोणता हेतू साधला हे सांगितले जाते. प्रत्यक्षदर्शींचे कथन त्याच्या मुळाशी असते, पण लिहिणारा असतो अधिकारी आणि वाचणारा असतो त्याहून मोठा अधिकारी. नायकाच्या तोंडी वाक्य नसते. जाधवांच्या प्रशस्तिपत्रात तर एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. त्यात त्यांचा आवाज आहे, पण शब्द नाहीत. त्यांनी ‘मराठा युद्धघोषणा’ दिली एवढेच तेथे नोंदलेले आहे. इंग्रज वाचकाला तेवढे पुरे होते. मराठी वाचकाला मात्र ती घोषणा ठाऊक आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा तो जयजयकार आजही या रेजिमेंटची युद्धघोषणा आहे. ज्या साम्राज्याच्या बाजूने ही पलटण लढत होती त्या साम्राज्याच्या कागदात ते नाव उमटले नाही. हा अभ्यासकाने ओढूनताणून लावलेला अर्थ नव्हे. संहितेत पडलेली ही एक मोकळी जागा आहे, आणि ती भरण्यास मराठी येणाऱ्याचीच गरज लागते.

दुसरे उदाहरण नाईक यशवंत घाडगे यांचे. रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशी हे त्यांचे गाव. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या हाताखालच्या तुकडीतील प्रत्येक जण ठार अथवा जखमी झाला. त्यांनी एकट्याने मशीनगनवर चाल केली, हातबॉम्ब टाकला, एकास गोळी घातली आणि बंदुकीत नवी काडतुसे भरण्यास वेळ नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. लगेच दडून बसलेल्या शत्रूच्या गोळीने ते कोसळले. त्यांचे थडगे नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांना ज्ञात दफनस्थान नाही अशा ४,०००हून अधिक सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैत इटलीतील मोंतोने या गावी त्यांच्या नावे एक सूर्यघड्याळ स्मारक म्हणून उभारले गेले. त्या निमित्ताने भारत सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार इटलीच्या मोहिमेत ५०,०००हून अधिक भारतीय सैनिक होते व त्यांपैकी ५,७८२ मरण पावले. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैन्यातील सैनिकांना मिळाले. या सहांपैकी दोघे मराठा पलटणींतले.

५,७८२ या संख्येतील उरलेल्यांचे काय, हा प्रश्न आता पुढे येतो. प्रशस्तिपत्र दोघांचे आहे. बाकीच्यांसाठी निराळी साधने शोधावी लागतात.

तत्पूर्वी मराठी ग्रंथांच्या फडताळाकडे एक दृष्टिक्षेप टाकणे योग्य होईल. दुसऱ्या महायुद्धाविषयी मराठीत लेखन झालेले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ सालीच प्रसिद्ध झाली. तिच्यातील जहाजावर युरोपातून परागंदा झालेले ज्यू आहेत आणि येऊ घातलेल्या युद्धाची छाया आहे. वि. स. वाळिंबे यांच्या ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ने आणि वि. ग. कानिटकर यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ने मराठी वाचकांच्या पिढ्यांना त्या युद्धाचा परिचय करून दिला. नेताजींवर चरित्रे झाली, विश्वास पाटलांची ‘महानायक’ झाली. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या ‘काही कविता’ या संग्रहाचा विचार करताना समीक्षकांनी महायुद्धोत्तर मानवी अवस्थेचा संदर्भ वारंवार घेतला आहे. वॉर्सा आहे, बर्लिन आहे, हिरोशिमा आहे, सिंगापूर आहे. सेनिओ मात्र आपल्या साहित्यिक भूगोलात नाही. मराठी वाचक जर्मन सेनानींची नावे घडाघडा सांगतो. आपल्या शेजारच्या तालुक्यातून कोण इटलीला गेला होता हे तो सांगू शकत नाही. लेखकांच्या अनास्थेवर याचा दोष ढकलून मोकळे होणे सोपे आहे, पण कारण अधिक खोल आहे, आणि ते वर्धा जिल्ह्यात बसून लिहिणाऱ्याला विशेष जाणवते.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. ब्रिटिशांच्या युद्धास माणसे वा पैसा देऊन साहाय्य करणे अयोग्य आहे, हा त्या सत्याग्रहाचा उच्चार होता. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता संपुष्टात आणण्याची मागणी करणारा ठराव वर्ध्यातच संमत केला. पुढे ८ ऑगस्टला मुंबईत त्याचे ‘छोडो भारत’मध्ये रूपांतर झाले. १६ ऑगस्टला याच जिल्ह्यातील आष्टी येथे गोळीबार झाला. वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) येथील मोठ्या ग्रामीण रुग्णालयास आज विनोबांचेच नाव आहे. ज्या भूमीचे सार्वजनिक स्मरण युद्धास नकार देणाऱ्यांच्या नावाने बांधले गेले, तेथे त्याच युद्धात गेलेल्या शिपायास कोणत्या नावाने हाक मारावी? गावांच्या नावांकडेच पाहा. सावंगी नावाची गावे अनेक. कोणती, हे ‘मेघे’ हा कंसातील शब्द सांगतो. आष्टीच्या पुढे ‘शहीद’ लिहिले जाते. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावापुढे ‘मिलिटरी’ लिहिले जाते, कारण तेथील घराघरांतून माणसे पलटणीत गेली. ‘शहीद’ आणि ‘मिलिटरी’ हे दोन कंस एकाच भाषेतले, एकाच काळाशी नाते सांगणारे. तरी आपल्या साहित्यात पहिल्या कंसाची कादंबरी होते, दुसऱ्याची होत नाही. पहिल्या कंसाचे महत्त्व तिळभर कमी न करता दुसऱ्याविषयी लिहिता येते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी शिपायाला देशभक्त ठरविण्याची गरज नाही, आणि भाडोत्री ठरविण्याचीही नाही. तो काय म्हणत होता हे आधी ऐकावयास हवे.

ऐकावयाचे कोठे? येथे साधनांतील सर्वांत समृद्ध आणि सर्वांत फसवे साधन येते : सेन्सॉरने तपासलेली पत्रे. मध्यपूर्व व भूमध्य सागराच्या आघाडीवरील भारतीय सैनिकांची पत्रे लष्करी सेन्सॉर वाचीत असे आणि ठरावीक मुदतीने त्यांचा गोषवारा वरिष्ठांकडे धाडीत असे. सैन्याचे मनोधैर्य कसे आहे, घरच्या बातम्यांचा त्यावर काय परिणाम होतो, राजकारणाची झळ पलटणीत पोहोचते का, हे जाणणे हा त्यामागचा हेतू. हे गोषवारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. यास्मिन खान, श्रीनाथ राघवन, दिया गुप्ता यांच्या अलीकडील इंग्रजी ग्रंथांनी युद्धकाळातील भारताचे चित्र रेखाटताना अशा साधनांकडे लक्ष वेधले आहे. धान्याचे भाव, घरी रेशन मिळते की नाही, रजा केव्हा मिळेल, पत्र का आले नाही, अशा गोष्टींनी ती भरलेली आहेत. १९४३च्या बंगालच्या दुष्काळानंतर तर अन्नाची काळजी प्रकर्षाने दिसते. परमुलखात पोटभर जेवणाऱ्या शिपायाला घरच्या उपासमारीच्या वार्ता टपालाने येत होत्या.

परंतु हे वाचताना अभ्यासकाने तीन गोष्टी विसरता कामा नयेत.

पहिली गोष्ट, हे उतारे आहेत, पत्रे नव्हेत. सेन्सॉरने ज्यास ‘आशय’ मानले तेवढे उचलले आणि उरलेले टाकले. टाकलेले काय असेल याची कल्पना जुनी मराठी पत्रे पाहिलेल्या कोणासही येईल. ‘तीर्थरूप वडिलांचे सेवेशी’, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे’, ‘पत्रास कारण की’, आणि शेवटी घरातील लहानथोरांस नावानिशी नमस्कार व आशीर्वाद. इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा पोकळ शिष्टाचार. आमच्या दृष्टीने पत्राचा अर्धा अर्थ त्यातच आहे. कोणाला ‘तीर्थरूप’ म्हटले, कोणाला ‘चिरंजीव’, कोणाचे नाव नमस्कारांच्या यादीतून गळले, यातून घर दिसते. त्या काळी शिपाई पत्नीला थेट पत्र लिहीतच असे असे नाही. वडिलांना वा थोरल्या भावाला लिहिलेल्या पत्रातील एखादे आडवळणाचे वाक्य तिच्यासाठी असे. बैल विकू नका, धाकट्याला शाळेत घाला, अमक्याच्या औषधपाण्याकडे पाहा, ही वाक्ये व्यवहाराची वाटतात. ती कोणाला उद्देशून आहेत हे मायना पाहिल्याखेरीज कळत नाही. गोषवाऱ्यात मायनाच नाही.

दुसरी गोष्ट कर्त्याची. शिपाई अक्षरशत्रू असेल तर पत्र लिहिणारा हात दुसऱ्याचा. गावात ते वाचून दाखविणारा मास्तर, तलाठी किंवा पोस्टमन तिसरा. मधला सेन्सॉर चौथा. आणि भाषांतरकार पाचवा. लष्करात साक्षरतेसाठी रोमन लिपीतील उर्दू शिकविली जाई, त्यामुळे एखादा मराठी तरुण वाचावयास शिकला तो स्वतःची नसलेली भाषा, स्वतःची नसलेल्या लिपीत. अशा माणसाने घरच्या बोलीत पत्र लिहून घेतले असता त्यात ‘रंगरूट’, ‘लंगर’, ‘हुकूम’, ‘परेड’ असे पलटणीतले शब्द मिसळणारच. इंग्रजी भाषांतरात ही सारी मिसळण एकसुरी होऊन जाते. संताजी-धनाजींच्या बखरींतील ‘सुभेदार’ आणि ‘हवालदार’ हेही शब्द येथे इंग्रजी फौजेतील हुद्दे होऊन आलेले आहेत. एकाच शब्दाच्या पोटात दोन राजवटी नांदतात, आणि भाषांतरात दोन्ही नाहीशा होतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. असा इंग्रजी उतारा मराठी लेखनात घेताना आपण त्याचे पुन्हा मराठी करतो, आणि येथेच मोह होतो. आपण त्याला सातारी किंवा वऱ्हाडी बोलीचा साज चढवितो, ‘आये’, ‘बाबा’, ‘लई’, ‘मले’ पेरतो, आणि वाचकाला वाटते की शिपायाचा खरा आवाज ऐकू आला. तो आवाज आपला असतो. संशोधनपर लेखनात असा उतारा सरळ प्रमाण मराठीत, भाषांतराचे भाषांतर म्हणून स्पष्ट नोंद करून द्यावा. बोली देण्याचा अधिकार कादंबरीकाराचा आहे आणि त्याने तो उघडपणे वापरावा. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चे मोल आपण का मानतो? १८५७च्या धामधुमीतून परतलेल्या एका भिक्षुकाचे शब्द, पुढे चिं. वि. वैद्यांच्या संपादनातून का होईना, मराठीतच आपल्या हाती १९०७ साली आले म्हणून. सेनिओकाठचा गोडसे भटजी अद्याप हाती लागलेला नाही. जे आत्मकथन आहे ते अधिकाऱ्याचे : जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगाव येथे पलटणीचे नेतृत्व करणारे शंकरराव थोरात यांचे ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’, पण तेही इंग्रजीत, आणि सेनापतीच्या उंचीवरून पाहिलेले.

शिपायाची दुसरी खूण म्हणजे त्याचे नाव. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदवह्यांत मृताचे नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा बापाचे, पत्नीचे व गावाचे नाव असते. इटलीत सांग्रो, फोर्ली, रिमिनी या ठिकाणी हिंदू व शीख सैनिकांसाठी दहनस्मारके आहेत. या याद्या म्हणजे मराठी आडनावांचा एक अनपेक्षित कोशच होय. पण त्या रोमन लिपीत आहेत, कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले आहेत. ‘घाडगे’ आणि ‘घाटगे’ यांत तेथे फरक राहीलच असे नाही. खुद्द नामदेव जाधवांचे आडनाव निरनिराळ्या इंग्रजी ग्रंथांत निरनिराळे लिहिलेले आढळते. आपल्याकडे विदर्भात ‘जाधव’ हे आडनाव इंग्रजीत लिहिताना शेवटी ‘ओ’ घालण्याची रीत आहे. नगरकडे ती नाही. तेव्हा केवळ स्पेलिंगावरून कोणाला वऱ्हाडात आणून बसविणे धोक्याचे. गावाच्या नावाचीही तीच गत. वडगाव, पिंपळगाव, सावंगी अशा नावांची खेडी प्रत्येक जिल्ह्यात आहेत. तालुका चुकीचा लिहिला असेल तर शोध तेथेच थांबतो. अशा नावांचे वाचन करण्यास ज्याला गॅझेटिअर, जमिनीचे जुने कागद आणि स्थानिक उच्चार तिन्ही ठाऊक आहेत असा माणूस लागतो. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ गावोगाव हिंडून जमविली. त्या परंपरेत वाढलेल्या आपल्या विभागांना हे काम परके वाटू नये. बापाचे नाव, पत्नीचे नाव, गाव, तारीख. एवढ्या चार गोष्टी देवनागरीत नीट लिहिल्या गेल्या तरी ते संपादनच होय.

मौखिक परंपरेचाही विचार करावा लागेल. गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या आहेत आणि २०१७ पासून त्या ‘पारी’च्या माध्यमातून सर्वांना उपलब्ध होऊ लागल्या. पलटण, बंदर, बोट, मनिऑर्डर, पेन्शन हे शब्द घेऊन अशा संग्रहांचा शोध घेणे हा एका प्रबंधाचा विषय आहे. प्रशस्तिपत्र आणि सेन्सॉरचा गोषवारा ही पुरुषांनी पुरुषांविषयी लिहिलेली साधने. मागे राहिलेल्या बाईचा शब्द कोठे असेलच तर तो जात्याजवळ असण्याचा संभव अधिक.

आता थोडे बाहेर पाहू. ९ एप्रिलच्या चढाईत, न्यूझीलंडच्या सैन्यापलीकडे, पोलंडचे दुसरे कोअरही सेनिओ ओलांडीत होते. या पोलिश सैनिकांपैकी अनेकांची बायकामुले त्याच वेळी कोठे होती? काहींची कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात तेथे राहिले. म्हणजे एका नदीच्या काठी एक मराठी शिपाई आणि एक पोलिश शिपाई शेजारी लढत होते. मराठी शिपायाचे घर नगर-साताऱ्याकडे, आणि पोलिश शिपायाचे घर, तात्पुरते का होईना, कोल्हापूरला. या पोलिश मुलांनी मोठेपणी संघटना काढली, आठवणी जमविल्या, भारतातील वास्तव्यावर मोठा ग्रंथ सिद्ध केला. पंचगंगेच्या परिसरातील त्यांचे बालपण आज पोलिश व इंग्रजी भाषांत वाचावयास मिळते. इटलीतील मराठी शिपायाचे तारुण्य मराठीत वाचावयास मिळत नाही. साधने नव्हती असे नाही. पोलिश लोकांनी ती वेळेवर एकमेकांकडून लिहून घेतली.

लॅटव्हियाचे उदाहरण याहून अवघड. १९४० मध्ये सोव्हिएत रशियाने व १९४१ मध्ये जर्मनीने तो लहान देश व्यापला. १९४३ पासून जर्मनांनी लॅटव्हियन तरुणांची भरती केली, पुष्कळांची सक्तीने. त्यांची एक डिव्हिजन कुर्लांडच्या वेढ्यात ८ मे १९४५ पर्यंत लढत राहिली. समोरच्या रशियन सैन्यातही लॅटव्हियन पलटणी होत्या. त्या सैनिकांच्या स्मरणाचा १६ मार्च हा दिवस आजही वादाचा आहे, आणि तो वाद अकारण नाही, कारण गणवेश वाफेन एसएसचा होता आणि त्या दलात ज्यूंच्या हत्याकांडात भाग घेतलेलेही काही जण होते. मराठी शिपायाची तुलना त्यांच्याशी सरसकट करता येत नाही. परंतु लेखनपद्धतीचा एक धडा घेण्याजोगा आहे : दुसऱ्याच्या झेंड्याखाली लढलेल्या माणसाविषयी लिहिताना भरतीचे कारण, लढाईतील वर्तन आणि नंतरचे स्मरण या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात. आपल्याकडे त्या एकमेकींत मिसळतात. शिवाय आपलीही माणसे दोन्हीकडे होती. मराठ्यांची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा कैद झाली. जर्मनीत युद्धकैद्यांतून उभारलेल्या आझाद हिंद लीजनची एक कंपनी १९४४ मध्ये इटलीतच होती. आणि पूर्वेकडे आझाद हिंद फौजेच्या श्रेष्ठींत सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते.

सर्वच पलटणींना सेनिओ लाभली नाही, हेही ध्यानात ठेवावे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली; दुसरी १९४२ मध्ये नागपूरजवळच्या कामठीला. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली होती, त्यामुळे ही पुनर्स्थापना म्हणजे हिरावून घेतलेला हक्क परत मिळणे होते, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी आग्रह धरला होता. या पलटणींचा बराच काळ वायव्य सरहद्दीवर व अंतर्गत बंदोबस्तात गेला. त्यामुळे प्रशस्तिपत्रांच्या वाङ्मयात त्या जवळजवळ दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘जनता’ साप्ताहिकाचे युद्धकालीन अंक हे पहिले साधन. विदर्भातील अभ्यासकाच्या हाताशी हे काम आहे. कामठी काही फ्लॉरेन्सइतके दूर नाही. आणि येथे सैन्यात जाण्याचा अर्थच निराळा आहे. पवनारचा नकार आणि कामठीची भरती या दोन्ही गोष्टी स्वाभिमानाच्याच भाषेत बोलल्या गेल्या. त्यांतील एकीचा निकष दुसरीला लावला की लेखन खोटे होते.

‘अखेरचे महिने’ कोठे संपतात, हाही प्रश्न आहे. युरोपात ८ मे, आशियात २ सप्टेंबर १९४५ ही पाठ्यपुस्तकातील उत्तरे. परंतु २५ ऑक्टोबर १९४५ रोजी तेविसाव्या भारतीय डिव्हिजनची ४९वी ब्रिगेड जावा बेटावरील सुराबाया बंदरात उतरली, आणि तीत मराठा पलटणी होत्या. जपान शरण आला होता. इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले होते. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरपासून शहरात घनघोर लढाई झाली. तो दिवस इंडोनेशियात आज वीरदिन म्हणून पाळला जातो. महायुद्ध संपल्यावर मराठी शिपाई एका आशियाई देशाच्या स्वातंत्र्यसैनिकांसमोर उभा करण्यात आला होता, आणि त्याच दिवसांत, ५ नोव्हेंबरपासून, दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवरील खटला सुरू झाला होता. शिपाई घरी परतला तो अशा देशात, जेथे रस्त्यावर जयजयकार दुसऱ्या बाजूच्या सैनिकांचा चालला होता. तो गप्प राहिला असेल तर त्यात नवल नाही. सुराबायातील मराठा पलटणींच्या दैनंदिन्या, त्यांच्या मृतांच्या याद्या आणि त्या पंधरवड्यातील ‘केसरी’चे अंक एकापुढे एक ठेवून वाचले, म्हणजे एकाच आठवड्याच्या दोन भाषांतील दोन नोंदी समोर येतात; वाचनास प्रारंभ करण्यास ती जागा सेनिओहूनही अधिक सोयीची आहे.